पाखरं पाहणारीचा नवरा

आमच्या सेलू तालुक्यातल्या गावात माणसाला छंद असू शकतो, हे सगळ्यांना मान्य आहे. कोणाला भजनाचा असतो, कोणाला शंकरपटाचा, कोणाला नुसता पारावर बसून पत्ते पिसण्याचा. पटाची जोडी पाळणारे आमचे एक काका होते. घरी पोरांच्या चहात दूध नसे, पण बैलांचा खुराक कधी चुकला नाही. तरी लोक म्हणायचे, "शौकीन माणूस होता बाप्पा!" म्हणजे कौतुकच. आता हाच शब्द बाईला लावून पाहा. 'शौकीन बाई' म्हटलं की अर्थ बदलतो, आवाज खाली येतो, आणि सांगणारा आधी इकडेतिकडे पाहून घेतो. बाईला नाद लागतो, बाईला रिकामपण असतं, बाईला थेरं सुचतात. छंद तेवढा तिच्या वाट्याला येत नाही. विणकाम, भरतकाम, पापड-कुरडया यांना छंद म्हणायची सोय आहे, कारण त्यातून शेवटी घरात काहीतरी येतं.

माझ्या बायकोला पाखरं पाहायचा छंद आहे. त्यातून घरात काहीही येत नाही. उलट दोन शेळ्या गेल्या. त्या तिच्याच होत्या, तिनेच विकल्या आणि सीताबर्डीवरून आठ बाय चाळीसची दुर्बीण आणली. "शेळ्या देऊन काचा घेतल्या," असं गावात वर्षभर चाललं. एकाने मला पानठेल्यावर सरळच विचारलं, "काहो भाऊ, वयनी रोज सकाळी तयाकडे कुठी जातेत?"

म्हटलं, "पाखरं पाह्याले."

"पाखरं? काहून, घरी कोंबड्या नाहीत का?"

प्रश्न हसण्यावारी न्यायचा म्हटला तर नेता येतो, आणि मी नेलाही. पण तो वाटतो तेवढा उथळ नाही. ज्यातून दूध नाही, अंडी नाहीत, पैसा नाही, पुण्यही नाही, अशा गोष्टीसाठी घरातल्या माणसाने किती वेळ घ्यावा? आणि तो वेळ द्यायचा अधिकार असतो कोणाचा?

आधी तिच्या छंदाची थोडी ओळख करून देतो. वर्धा शहराने काही वर्षांपूर्वी चक्क मतदान घेऊन आपला शहरपक्षी निवडला. निवडून आला भारतीय नीलपंख. आपल्याकडे त्याला चास म्हणतात, नीलकंठही म्हणतात, आणि दसऱ्याला तो दिसला तर वर्ष चांगलं जातं असं जुनी माणसं मानतात. तारेवर बसलेला असतो तेव्हा अगदी मातकट दिसतो, कोणी दुसऱ्यांदा पाहू नये असा. किडा टिपायला झेपावला, पंख उघडले, की निळ्याचे दोन-तीन थर असे उजळतात की माणूस हातातलं काम विसरतो. निकाल कळला तेव्हा ही म्हणाली, "एवढ्या निवडणुका पाह्यल्या, पण निवडून आल्यावर रोज दिसते असा हा पहिलाच!"

तिच्यासोबत कुठे जायचं म्हणजे पोचायची वेळ सांगू नये. कारंजा घाडगेला नात्यातलं लग्न होतं. रस्त्याच्या कडेच्या उंबरावर धनेशाची जोडी दिसली आणि मागून माझ्या पाठीवर बुक्की बसली, "थांबवा, थांबवा!" मी भर उन्हात मोटारसायकल बंद करून उभा, आणि ही शालूचा पदर खोचून दुर्बीण लावून उभी. येणारेजाणारे विचारत होते, "गाडी बिघडली का?" मी मान हलवत होतो. लग्न गोरज मुहूर्तावर होतं म्हणून अक्षता तरी हाती लागल्या. गिरडला गेलो तर सगळे शेख फरीदबाबांच्या टेकडीवर चढले, आणि ही अर्ध्या वाटेत एका झाडाखाली. पवनारला धाम नदीच्या खडकांवर शेपटी हलवत फिरणारा धोबी पाहिला की तिचा हिवाळा सुरू होतो. कॅलेंडर मग केव्हा का पान उलटेना.

एकदा उन्हाळ्यात बोरच्या जंगलात गेलो. बोर हे 1970 पासूनचं अभयारण्य, 2014 मध्ये व्याघ्र प्रकल्प झालं. तेव्हापासून हिंगणीकडून धरणाच्या बाजूला जाणाऱ्या प्रत्येक गाडीत एकच प्रश्न असतो. आमच्या जिप्सीतही नागपूरचं एक कुटुंब होतं आणि त्यांना वाघ पाहिजे होता. नाल्याजवळ हिला स्वर्गीय नर्तक दिसला. पांढरा नर, हातभर लांब फितीसारखं शेपूट, वाऱ्यावर सोडल्यासारखं. तिने गाडी थांबवायला लावली. ते गृहस्थ म्हणाले, "ताई, तिकडे वाघ निघून जाईल ना."

ही म्हणाली, "दादा, दोन मिनिटं. वाघाले कुठं माहीत आहे आपण येऊन राहिलो म्हणून?"

त्या दिवशी वाघ कोणालाच दिसला नाही. गाडीतले सगळे रिकाम्या हाताने परतले, ही मात्र वहीत एकेचाळीस नावं लिहून परतली. तेव्हा माझ्या मनात आलं, की ज्याला एकच गोष्ट पाहिजे असते त्याचा दिवस वाया जाऊ शकतो. जो समोर येईल ते पाहायला बसलाय, त्याचा दिवस वाया घालवणं अवघड आहे.

पण आमचा जिल्हा वेळेच्या बाबतीत जरा कडक आहे. 1936 मध्ये गांधीजी शेगावला येऊन राहिले, पुढे त्या गावाचं नाव सेवाग्राम झालं, आणि आमच्या आधीच्या पिढीच्या अंगात ती घंटा कायमची वाजत राहिली. एकादश व्रतं आम्हाला शाळेतच पाठ करून घेतली होती. त्यातलं अस्तेय म्हणजे चोरी न करणं. पण आमचे गुरुजी सांगायचे, की दुसऱ्याचं उचलणं एवढीच चोरी नव्हे. गरजेपेक्षा जास्त घेणं हीसुद्धा चोरीच. त्या हिशोबाने कामाच्या दिवसात तासभर टिटवीकडे पाहत बसणं कशात धरायचं? शरीरश्रमात तर नाहीच.

या प्रश्नाला उत्तर शोधताना मला बापूंचीच एक गोष्ट सापडली. 1932 मध्ये येरवड्याच्या तुरुंगात असताना त्यांना ताऱ्यांचं वेड लागलं होतं. ग्रहताऱ्यांवरची पुस्तकं त्यांनी वाचली, दुर्बिणीतून आकाश पाहिलं आणि आश्रमातल्या माणसांना त्याबद्दल लिहिलंही. मिनिटामिनिटाचा हिशोब ठेवणारा तो माणूस! तारे पाहून सूत निघत नाही, हे त्यांच्याइतकं कोणाला माहीत असणार? तरी त्यांनी पाहिले. मला वाटतं, वेळेचा हिशोब ठेवणाऱ्यालाच कळतं की काही वेळ हिशोबाच्या बाहेर ठेवावा लागतो.

गावातल्या लोकांशी बोलताना मी आधी दुसरी वाट धरायचो. म्हणायचो, "अरे, नीलपंख पिकावरचे किडे खाते, पिंगळा उंदीर खाते. पाखरं म्हणजे शेतकऱ्याचे बिनपगारी सालदार." हे खरंच आहे, आणि कापूस-तूर पिकवणाऱ्या माणसाला लगेच पटतं. पण हिला ते आवडत नाही. एकदा पाहुण्यांसमोर मी हेच भाषण सुरू केलं, तर ओसरीवरून म्हणाली, "उपयोग असला तरच पाहायचं म्हटलं, तर म्हाताऱ्या माणसाकडे कोण पाहीन?"

ओसरीच्या कोपऱ्यात माझी आई बसली होती. ब्याऐंशी वर्षांची. पाहुणे गप्प झाले, मीही. आईला ऐकू कमी येतं म्हणून बरं. पण मुद्दा असा पक्का बसला की त्यानंतर मी सालदाराची उपमा कोणाला दिली नाही. ज्याच्यापासून काही मिळायचं नाही त्याच्याकडे मन लावून पाहता येणं, ही सवय आहे. ती पाखरावर लागली तर माणसावरही लागते. घरात आईच्या पायाला सूज आली की पहिल्यांदा हिलाच दिसते. ती पाखरं पाहते म्हणून दिसते, असं मी छातीठोकपणे म्हणणार नाही. पण डोळे तेच आहेत.

आता सुगरणीचं सांगतो, कारण आमच्या घरातला अर्धा वाद तिच्यावरून झाला आहे. पावसाळ्यात आमच्या विहिरीवर वाकलेल्या बाभळीला सुगरणीचे खोपे लटकतात. एवढं देखणं घर विणणाऱ्या पाखराला मराठीने सुगरण म्हटलं. मी लहानपणापासून समजत होतो की हे मादीचं काम. हिने मला विहिरीच्या काठावर बसवून दाखवलं, की विणतो तो नर. पिवळ्या डोक्याचा. गवताची पाती चिरून आणतो, अर्धा खोपा विणतो आणि पंख फडफडवत बोलावतो. मादी येते, आत शिरते, तपासून पाहते. पसंत पडलं तर राहते, नाहीतर उडून जाते. ठरलं की तो उरलेला खोपा पुरा करतो, आणि ही अंड्यांवर बसली की शेजारी दुसरा खोपा विणायला घेतो, दुसरीसाठी.

"पाहा," ही म्हणाली, "काम नराचं, नाव बाईचं. साऱ्या जगात एवढ्या एका ठिकाणी उलटं झालं, तर तेही पाखरात!"

मी म्हटलं, "अन् दुसरा संसार मांडते ते?"

"ते मात्र सुलटंच हाय," ती म्हणाली.

सुगरणीची ही रीत नीट उकलून सांगितली सलीम अलींनी. मुंबईतली नोकरी गेली होती, म्हणून ते अलिबागजवळच्या किहीमला जाऊन राहिले आणि 1930 च्या पावसाळ्यात त्यांनी तिथल्या वसाहतीवर रोज नजर ठेवली. पोट भरायची विवंचना असलेला माणूस शिडीवर बसून खोप्यांच्या नोंदी करत होता. तेव्हा त्यांची बायको तहमीना सोबत होती. 1918 मध्ये त्यांचं लग्न झालं होतं. पुढे हैदराबाद संस्थान, त्रावणकोर अशा पाहण्यांना ते रानोमाळ हिंडले, तेव्हाही तंबूत, बैलगाडीत, पावसात ती बाई बरोबर असायची. 1939 मध्ये ती गेली. सलीम अलींचं भारतीय पक्ष्यांवरचं प्रसिद्ध पुस्तक 1941 मध्ये आलं, ते पाहायला ती नव्हती.

छंदिष्ट माणसाच्या मागे उभी राहिलेली बाई, ही गोष्ट आपल्याला ओळखीची आहे आणि आपण तिला नमस्कारही करतो. आमच्या घरात मात्र तहमीना मी आहे. पाण्याची बाटली माझ्याकडे, डबा माझ्याकडे, वही माझ्या खिशात, आणि "हालू नका, ते उडून जाईन" हे ऐकायचं कामही माझंच. गंमत अशी, की तहमीनाबाईंनी जे केलं त्याला लोक पत्नीधर्म म्हणतात. मी तेच करतो तर त्याला 'बायकोच्या आहारी गेला' म्हणतात. काम तेच, फक्त करणारा बदलला. एखादी गोष्ट चांगली की वाईट हे करणाऱ्याच्या मिशीवरून ठरत असेल, तर आपला तराजू तपासून घ्यायला पाहिजे, एवढंच मला म्हणायचं आहे.

इथवर सगळं सोपं होतं. कठीण झालं ते दोन वर्षांपूर्वी, नोव्हेंबरात. महाराष्ट्रात 5 ते 12 नोव्हेंबर पक्षी सप्ताह असतो. 5 तारखेला मारुती चितमपल्लींचा जन्मदिवस, 12 ला सलीम अलींचा. वर्ध्याच्या पक्षीमित्रांच्या एका गटाने तलावांवर दोन दिवस पक्ष्यांची मोजणी ठरवली होती आणि हिला बोलावलं होतं. मुक्काम होता. दिवस ऐन वेचणीचे. शेतात कापूस फुटलेला, मजूर मिळाले तेव्हा वेचून घ्यायचा, संध्याकाळी काट्यावर माप घ्यायचं, आणि ते माप हीच घेते, कारण बायांचा तिच्यावर विश्वास आहे. शिवाय आई, शिवाय गाय.

मी म्हटलं, "जाऊ आपण. एक दिवस वेचणी थांबवू."

ती थोडा वेळ बोलली नाही. मग म्हणाली, "अहो, मी एकटी जाते."

मी विचारलं, "काहून? माझा काही त्रास होते का?"

"त्रास नाही. पण तुमी सोबत असले का माझं अर्धं लक्ष तुमच्याकडे राहते. तुमाले कंटाळा आला का, ऊन लागलं का, चहा पाहिजे का. एक डोळा दुर्बिणीत अन् एक तुमच्यावर. दोन दिवस मले दोन्ही डोळ्यांनी पाहायचं आहे."

तिने हे तक्रार म्हणून सांगितलं नाही, 'आज भाजीत मीठ कमी आहे' इतक्या साधेपणाने सांगितलं. मी मात्र त्या रात्री बराच वेळ जागा होतो. बायकोला परवानगी देणारा नवरा आणि बायकोसोबत जाणारा नवरा, यात दुसरा बरा, हे तर उघड आहे. परवानगी म्हणजे दान. देणारा वर, घेणारा खाली. सोबत म्हणजे बरोबरी. पण सोबतीलाही एक बारीक दोरी असते. आपण बरोबर असतो तेव्हा समोरच्याने आपली काळजी घ्यावी, हे न बोलता ठरलेलं असतं. आणि ज्या बाईने तीस वर्षं घर सांभाळलं, तिचे डोळे घराचं माणूस दिसलं की आपोआप कामाला लागतात. घर मोटारसायकलवर बसून तिच्या मागोमाग तलावावर येतं. त्या घराचं नाव मी.

सेवाग्रामला आदी निवासाशेजारी बा कुटी आहे. आदी निवासात माणसांची गर्दी, त्यात कस्तुरबांची अडचण व्हायची, म्हणून जमनालाल बजाजांनी ती वेगळी कुटी बांधवून दिली. साऱ्या जगाला आपलं मानणाऱ्या आश्रमातही एका बाईला स्वतःचं दार लागलं. त्यात कोणी कोणापासून दूर गेलं नाही. मध्ये अंगणच होतं. मला ती गोष्ट त्या रात्री आठवली आणि मनातली गाठ थोडी सुटली.

ती गेली. सकाळच्या एसटीने, दुर्बीण गळ्यात आणि शिदोरी पिशवीत. वेचणी थांबवली नाही. माप मी घेतलं. वेचणाऱ्यांपैकी एक बाई गाठोडं काट्याला लावता लावता म्हणाली, "वयनीले बरी हाय बाप्पा, पाखरं पाह्याले वेळ भेटते."

त्यात टोमणा नव्हता, आणि म्हणूनच उत्तर द्यायला अवघड होतं. खरं होतं ते. आमच्या घरची बाई दोन दिवस तलावावर होती, कारण दहा बाया आमच्या शेतात वाकलेल्या होत्या. किलोवर मजुरी, मान वर केली तर तेवढा कापूस कमी. बाईला छंदाचा हक्क आहे असं मी म्हणतो, तेव्हा तो कोणकोणत्या बाईला आहे, हे विचारल्याशिवाय माझं वाक्य पुरं होत नाही. ते पुरं करायची ऐपत माझ्या सात एकरांत नाही. पण म्हणून वाक्यच मोडून टाकावं, माझ्याही बायकोने मान खाली घालावी, हा न्याय नव्हे. सगळ्या उपाशी राहिल्याने कोणाचं पोट भरत नाही.

ती परत आली तेव्हा मी तिला हे सांगितलं. ती ऐकून घेऊन दुसऱ्या दिवशी दुपारच्या जेवणाच्या सुट्टीत दुर्बीण घेऊन धुऱ्यावर गेली. बाया आधी लाजल्या, मग एकेकीने डोळ्याला लावली. त्या पाखरांबद्दल हिच्यापेक्षा जास्त जाणत होत्या, हे लवकरच कळलं. लावरी कोणत्या तासात बसते, तितर कुठल्या धुऱ्याला ओरडतो, टिटवी अंडी कुठे घालते आणि माणसाला भुलवायला कुठल्या बाजूला पळते, हे सगळं त्यांना तोंडपाठ. फरक एवढाच, की त्यांनी ते काम करता करता पाहिलं होतं आणि त्याला कोणी छंद म्हटलं नव्हतं. जेवणाची सुट्टी त्या दिवशी अर्ध्या तासाने वाढली आणि मजुरी पुरी दिली. हे उत्तर नव्हे, मला माहीत आहे. पण हिशोबाच्या बाहेरचा अर्धा तास त्यांनाही मिळाला.

आईचं सांगायचं राहिलं. ती जुन्या वळणाची. "बाईच्या जातीनं वर पाहू नाई, चुलीवरचं दूध उतू जाते," हे तिचं आयुष्यभराचं म्हणणं. त्या दोन दिवसांत तिने माझ्या हातचा पिठलं-भात कुरकुरत खाल्ला. तिसऱ्या दिवशी सून समोर दिसल्यावर म्हणाली, "आली का?" आणि मग, जरा थांबून, "कोनतं पाखरू पाह्यलं?"

हिने तिच्या कानाशी तोंड नेऊन मोठ्याने नावं सांगायला सुरुवात केली. आई एकेका नावाला मान हलवत होती. एका नावाशी थांबवून म्हणाली, "ते आमच्या माहेरच्या तयावर यायचं. मी लहान होती तवा." ब्याऐंशी वर्षांच्या बाईने कधीतरी मान वर करून काही पाहिलं होतं आणि पंचाहत्तर वर्षं ते कोणाला सांगितलं नव्हतं, कारण कोणी विचारलं नव्हतं.

यंदाही नोव्हेंबर येतोय. तारखा तिने भिंतीवर लिहून ठेवल्या आहेत. माप मी घेईन, औषधं मी देईन, पिठलं आता बरं जमतं. प्रश्न फक्त गाईचा आहे. ती अजून मला पाहिलं की दूध चोरते.